पावणेतीन फुटांचं टेकाड

त्यांना सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या दोरीला टांगलेलं ते वजन, भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारं. रस्ते खात्यात चौतीस वर्षं मोजणीदार म्हणून काढली, निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. कुणाच्या घरी गेले की आधी न्हाणीघराच्या फरशीचा उतार बघायचे आणि मग घरमालकाचं तोंड. "पाणी तुंबत असेल," हे त्यांचं पहिलं वाक्य. बहुतेक वेळा पाणी खरंच तुंबत असे, त्यामुळे त्यांना पुन्हा कुणी बोलावत नसे.

आपलं कधी चुकत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. घरात या समजुतीला धक्का देणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे त्यांची फोन नंबरांची वही. त्या वहीतला दातांच्या डॉक्टरांचा नंबर लावला की तो एका पंखे दुरुस्त करणाऱ्याला लागायचा. पंखेवाला आता त्यांचा आवाज ओळखायला लागला होता. "बोला काका, आज कुठली दाढ?" असं तो विचारायचा. ओळंबा फोन आपटायचे आणि म्हणायचे, "लोकांना साधा नंबर सांगता येत नाही."  त्यांच्या बायकोने लागणारे सगळे नंबर केव्हाच आपल्या हाताने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले होते.

त्यांची लेक रेसिंगचे व्हिडिओ गेम करणाऱ्या एका कंपनीत होती. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आणि पहिल्या मजल्यावर ड्रायव्हिंग स्कूल. खाली लोक वीसच्या वेगाने घामाघूम व्हायचे, वर तीनशेच्या. कंपनीचा मालक ऑफिसात, जिन्यात, जेवताना, बहुधा अंघोळीतही टोपी घालून असायचा, म्हणून त्याला सगळे टोपी म्हणत. तोंडावर सर.

त्यांच्या गेममध्ये ट्रॅकच्या दोन याद्या होत्या. एक खऱ्या ट्रॅकची, दुसरी काल्पनिक. खऱ्या यादीत जगात कुठेतरी खरोखर असलेले ट्रॅक, मालकांची परवानगी काढून, जागेवर यंत्रं नेऊन, डांबराच्या भेगेभेगेसकट उतरवलेले. ते खेळणारे लोक भलतेच चिवट. वळणावरचा कठडा वीतभर सरकला तरी दोन पानी तक्रार पाठवायचे. काल्पनिक यादी ऑफिसातल्या चित्रकारांनी चहा पितापिता काढलेली. तिच्यातला एक ट्रॅक ज्वालामुखीच्या तोंडाभोवती फिरायचा, एक धबधब्याच्या मागून जायचा, एक तर स्वतःभोवतीच गिरकी घेऊन आकाशात निघायचा. दिसायला झकास. पण खेळणारे म्हणायचे, यात दम नाही, रस्त्यावर असल्यासारखं वाटतच नाही. का वाटत नाही हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

ते ओळंब्यांनी सांगितलं. लेकीचा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला म्हणून ते ऑफिसात गेले आणि तिच्या खुर्चीमागे उभे राहून ज्वालामुखीचा ट्रॅक बघू लागले. टोपी शेजारीच होता.

"या रस्त्याचं पाणी कुठं जातं?" ओळंब्यांनी विचारलं.

"काका, इथं पाऊसच पडत नाही."

"म्हणून काय झालं? रस्ता म्हटला की पाणी आलंच."

"इथं लाव्हा आहे, काका."

"बरं, मग लाव्हा कुठं जातो?"

 ट्रॅक तयार होऊन वर्ष झालं होतं, पण लाव्हा कुठं जातो हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. ओळंबा खुर्ची ओढून बसले. हा रस्ता मधे फुगीर नाही, वळणाला बाहेरची कड उचललेली नाही, गटार नाही, रस्त्याखालून पाणी जायला मोरी नाही, ही वाट माणसाने केलेली नाही, कुणीतरी टूथपेस्ट पिळलीय, असं त्यांनी अर्धा तास ऐकवलं. लेकीला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण टोपी खुशीत येऊन म्हणाला, "काका, उद्यापासून येता का?"

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस ओळंबा ऑफिसात बसू लागले. त्यांना स्वतःची खुर्ची मिळाली, आणि तिचा एक पाय आखूड असल्याचं त्यांनी पहिल्याच दिवशी सिद्ध केलं. धबधब्याच्या ट्रॅकला त्यांनी अकरा मोऱ्या घालायला लावल्या. खेळणाऱ्यांना एकही मोरी दिसली नाही, पण गाडी रस्त्याला बसते असं ते लिहू लागले. ओळंब्यांनी ती पत्रं घरी आणून बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "आपल्या न्हाणीघराचं बघा आता." ते त्यांनी ऐकलं नाही.

मग एक नवा काल्पनिक ट्रॅक करायचं ठरलं, आणि ओळंबा दुसऱ्या दिवशी काखेत एक लांब गुंडाळी घेऊन आले.

गुंडाळी उलगडायला तीन टेबलं जोडावी लागली. पिवळ्या पडलेल्या कागदावर एका डोंगराला वळसा घालून जाणारा रस्ता आखलेला होता, आणि खाली त्याची चढउताराची रेघ. साडेसात मैल. हा रस्ता ओळंब्यांनी तीस वर्षांपूर्वी आखला होता. पावलोपावली मोजला होता, खुंट्या ठोकल्या होत्या, पण रस्ता झाला नाही. खात्याने ती आखणी रद्द केली आणि डोंगराच्या दुसऱ्या बाजूने दुसऱ्यांनी आखलेला रस्ता केला. तो दुसरा रस्ता ओळंबा आयुष्यात एकदाही चढले नव्हते. त्या बाजूला जायचं झालं तर अकरा मैलांचा फेरा घेत.

"हा घ्या ट्रॅक," ते म्हणाले. "पण माझ्या दोन अटी आहेत. यातला एक आकडा इकडचा तिकडे करायचा नाही. आणि हा खऱ्यांच्या यादीत जाईल."

टोपीने टोपी मागे सरकवली. "काका, पण हा रस्ता आहे कुठं?"

"डोंगरावर."

"म्हणजे बांधलाय?"

"आखलाय. जमीन खरी, मोजमाप खरं. फक्त डांबर पडलेलं नाही. तुमच्या ज्वालामुखीला डांबर होतं, म्हणून तो खरा झाला का?"

या एका मुद्द्यावर तीन आठवडे ऑफिसाचं काम अडलं. अर्धी मंडळी म्हणायची, ज्यावर कधी चाक फिरलं नाही तो रस्ता काल्पनिकच. उरलेली म्हणायची, मोजमाप खरं तर रस्ता खरा. ओळंबा दोन्ही बाजूंना झापायचे. लेक एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, काय फरक पडतो हो कुठल्या यादीत गेला त्याने?"

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले. तिला कळत होतं. चौतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांचे रस्ते मोजले, रुंद केले, बुजवले. स्वतःच्या हाताने पहिल्यापासून आखलेला हा एकच. तो खोट्यांच्या यादीत, ज्वालामुखीच्या खाली गेला असता, तर त्यांना ते मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

आता त्या रस्त्याचं काय झालं होतं, ते सांगायला पाहिजे.

मोजणीला दोन माणसं असत. एकजण दुर्बिणीतून लांब उभ्या धरलेल्या पट्टीवरचा आकडा बघून ओरडायचा, दुसरा तो लेव्हलबुकात लिहायचा. बघणारा होता ओळंब्यांचा धाकटा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. ओळंब्यांनीच त्याला खात्यात चिकटवला होता. त्याची नजर इतकी तेज की त्याला सगळे गरुड म्हणत. लिहिणारे अर्थातच ओळंबा. दोघांनी मिळून दोन महिने डोंगर तुडवला. आखणी तयार झाली, मोठे साहेब जागेवर बघायला आले, आणि एक्केचाळिसाव्या खुंटीपाशी थांबले. कागदावर तिथे पावणेतीन फुटांचं टेकाड होतं. जागेवर जमीन सपाट.

"टेकाड कुठाय?" साहेबांनी विचारलं.

टेकाड कुठेच नव्हतं. एक आकडा खोटा निघाला तर बाकीचे खरे कशावरून, असं म्हणून साहेबांनी सगळी आखणी मोडीत काढली. ओळंब्यांनी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगितलं, "यानं चुकीचं वाचलं." गरुड म्हणाला, "मी बरोबर बोललो, तुम्ही चुकीचं लिहिलंत." पण ओळंब्यांचं चुकत नाही हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतःच रोज सांगत. खापर गरुडच्या डोळ्यांवर फुटलं. त्याला दुर्बिणीवरून काढून गोदामात बसवलं, फावडी आणि घमेली राखायला, तो निवृत्त होईपर्यंत. गरुड हे नाव तसंच राहिलं, फक्त लोक ते आता हसून म्हणायला लागले.

तेव्हापासून दोघांमध्ये छत्तीसचा आकडा. घरच्या कार्याला दोघं एकमेकांकडे पाठ करून बसत, अगदी तीन आणि सहा बसतात तसे. बायको मधे. "त्याला सांग, मीठ इकडे दे म्हणावं," असा निरोप हातभर अंतरावर पोचवण्यात तिची तीस वर्षं गेली. एकदा तिने निरोप न पोचवता मीठच उचलून दोघांच्या ताटात ओतलं होतं. दोघांनीही मुकाट्याने जेवण संपवलं, पण बोलले नाहीत.

ट्रॅक तयार झाला. पहिल्यांदा चालवून बघायला सगळं ऑफिस जमलं. गाड्या निघाल्या, ओढ्याचा वळसा झाला, खिंड झाली, ओळंबा ताठ मानेने बघत होते. मग एक्केचाळिसाव्या खुंटीपाशी पहिली गाडी रस्ता सोडून हवेत गेली. पाठोपाठ दुसरी. तिसरी तर कोलांटी घेऊन छपरावर पडली. ऑफिसात एकच गिल्ला झाला. टाळ्या, शिट्ट्या, "पुन्हा, पुन्हा!" टोपी खुर्चीवर चढला.

ओळंब्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ते टेकाड काढा!"

"काका, तेच तर सगळ्यांत भारी आहे!"

"ते तिथं नाहीच! ते माझ्या मेहुण्याच्या डोळ्यांतलं आहे! तिथली जमीन सपाट आहे!"

"पण तुम्हीच म्हणालात ना," टोपी अगदी गोड आवाजात म्हणाला, "एक आकडा इकडचा तिकडे करायचा नाही?"

अट घालताना हे टेकाड त्यांच्या मनात आलंच नव्हतं, आणि आता ओळंबा स्वतःच्याच खड्ड्यात पडले होते. टोपीने पुढचा डाव टाकला. आकडे जसेच्या तसे ठेवून टेकाडासकट ट्रॅक हवा असेल, तर तो खऱ्यांच्या यादीत टाकायला आपण तयार आहोत. टेकाड काढायचं असेल, तर तिथला खरा आकडा पुराव्यासह आणून द्या. घरी येईपर्यंत ओळंबा वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला शिव्या घालत होते.

पुरावा घरातच होता. गुंडाळीवर फक्त ठळक आकडे होते. सगळे बारीक आकडे लेव्हलबुकात, आणि ते लेव्हलबुक कपाटात खालच्या खणात, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. तीस वर्षांत त्यांनी ते उघडलं नव्हतं. आपलं चुकलेलं नाही हे माहीत असल्यावर उघडून बघायचं काय?

रविवारी सकाळी त्यांनी लेकीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. बेत साधा होता. ते पहिल्या पानापासून एकेक आकडा वाचणार, ती कॉम्प्युटरवर लिहीत जाणार, पडद्यावर रस्ता आपोआप उठत जाणार, आणि ते टेकाड आजूबाजूच्या जमिनीत कसं बसत नाही हे शाळेतल्या पोरालाही दिसेल. बायको पलीकडे बसून मटार सोलत होती.

"बिंदू-बिंदू मी म्हणणार नाही," त्यांनी बजावलं. "एकसष्ट म्हटलं की सहा पूर्णांक एक. आम्ही जागेवर असंच बोलायचो. आणि लक्षात ठेव, पट्टीवरचा आकडा कमी आला तर जमीन उंच."

"हो बाबा."

"अठ्ठावन्न. साठ. एकोणसाठ. एकसष्ट. त्रेसष्ट. बासष्ट..."

पडद्यावर रस्ता सरळ सपाट येत होता. मग एकदम त्याला फोड आली. दुसऱ्याच पानावर, सातव्या खुंटीपाशी, पावणेतीन फुटांचं टेकाड. एक्केचाळिसाव्या खुंटीवर होतं हुबेहूब तसंच.

"हे काय केलंस?" ओळंबा ओरडले. "काय लिहिलंस तू?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मी त्रेसष्ट म्हणालो!"

"त्रेसष्टच लिहिलंय." ती वाकून बघायला लागली. "अगं बाई. छत्तीस झालंय. त्रे ऐकलं आणि तीन लिहून मोकळी झाले, मग सहा लिहिले. आपल्याकडे आकडे उलटेच बोलतात हो, बाबा."

"मी बरोबर बोललो," ओळंबा टेबलावर मूठ आपटत म्हणाले, "तू चुकीचं..."

आणि ते थांबले.

हे वाक्य त्यांनी ऐकलेलं होतं. डोंगरावर, भर उन्हात, साहेबांसमोर, एका अठ्ठावीस वर्षांच्या पोराच्या तोंडून. त्यांची मूठ टेबलावरच राहिली. लेक विचारत होती, "बाबा, काय झालं?" पण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी घाईने पानं उलटली आणि एक्केचाळिसावी खुंटी काढली. त्यांच्याच वळणदार अक्षरात आकडे एकाखाली एक होते. एकसष्ट, बासष्ट, छत्तीस, चौसष्ट.

पट्टीवर सहा पूर्णांक तीन दिसत असताना कुणाही माणसाला तीन पूर्णांक सहा दिसत नाही. तो आंधळा असला तरी दिसत नाही. बघणारा असा चुकूच शकत नाही. असं चुकतो तो ऐकून लिहिणारा. साठांच्या रांगेत तो एकटा छत्तीस तीस वर्षं उभा होता आणि त्यांनी एकदा फडकं सोडून बघितलं असतं तर...

"काय झालं?" बायकोने मटार बाजूला ठेवत विचारलं.

ओळंब्यांनी वही तिच्याकडे सरकवली. तिला मोजणीतलं काही कळत नव्हतं, पण तिने तो रकाना बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं आणि तिला कळलं.

"पंखेवाला," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण मटाराची टोपली घेऊन ती आत गेली आणि आतून भांड्यांचा जो आवाज आला, तो कितीतरी वेळ थांबला नाही. तीस वर्षं ती भावाला सांगत आली होती, जाऊ दे रे, होतं चुकून, सगळ्यांचं होतं. तीही धरून चालली होती की चूक त्याचीच.

ओळंबा चार दिवस ऑफिसात गेले नाहीत. जेवणावरून वासना उडाली. न्हाणीघरात पाणी तुंबलं होतं तिकडे बघितलंही नाही. आपण एका माणसाचे डोळे काढून घेतले, असं त्यांना वाटत होतं, आणि ते तसंच होतं. गप्प बसायचं म्हटलं तर सोपं होतं. टेकाड राहू द्यायचं, रस्ता खऱ्यांच्या यादीत जाऊ द्यायचा, ताकास तूर लागू द्यायची नाही. टोपीला हवं होतं तेच होतं. त्यांनाही जन्मभर हवं होतं तेच मिळत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी फोन नंबरांची वही घेतली, गरुडचा नंबर काढला आणि लावला.

"राँग नंबर," एक अनोळखी आवाज म्हणाला. हा तर पंखेवालाही नव्हता.

ओळंब्यांनी फोन हळूच खाली ठेवला. मग ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "त्याचा नंबर सांग जरा. लिहून घेतो."

बायकोने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. "तुम्ही नका लिहू," ती म्हणाली. "मी लावून देते."

फोनवर त्यांना काही नीट बोलता आलं नाही. "शनिवारी दुपारी लेकीच्या ऑफिसात ये," एवढंच म्हणाले. "गाडी चालवायची आहे."  मग गरुड म्हणाला, "ताई आजारी आहे का?" त्याला दुसरं कुठलं कारण सुचेना.

शनिवारी गरुड आला. केस गेलेले, पोट सुटलेलं, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. भाचीने त्याला खेळण्याच्या खुर्चीत बसवलं, पुढ्यात स्टीअरिंग, पायाशी पेडल. ओळंबा बाजूला उभे राहिले. टोपी आणि सगळं ऑफिस मागे.

"मामा, हा आपला नवीन ट्रॅक. चालवा बिनधास्त."

गरुडने वीसच्या वेगाने गाडी काढली. खालच्या मजल्यावरच्यांना शोभेल अशी. बाकीच्या गाड्या सूं सूं करत पुढे गेल्या, याची आपली पाहणी चालली होती. पहिल्या वळणानंतर त्याने पेडलवरचा पाय जरा सैल केला. "हा ओढा," तो स्वतःशीच म्हणाला. खिंड आली. "इथं तुमची छत्री उडाली होती, भाऊजी." तीस वर्षांत पहिल्यांदा तो थेट त्यांच्याशी बोलला, आणि बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लक्षात आलं. मग तो आणखी हळू गाडी चालवू लागला.

एक्केचाळिसाव्या खुंटीपाशी त्याने गाडी थांबवली. पुढे रस्ता टम्म फुगलेला होता.

"हे नव्हतं इथं," गरुड म्हणाला.

"नव्हतं," ओळंबा म्हणाले.

"मग हे दाखवायला बोलावलंत होय मला?"

"तू त्रेसष्ट म्हणाला होतास." ओळंबा म्हणाले. "मी छत्तीस लिहिलं."

"काय?"

"मी छत्तीस लिहिलं. चूक माझी होती. तू बरोबर वाचलं होतंस."

"मोठ्याने बोला, भाऊजी. या पेट्यांचा आवाज फार आहे."

पेट्यांचा काडीचाही आवाज नव्हता.  ओळंब्यांनी मान वर केली, आणि साहेबांसमोर ज्या आवाजात बोलले होते त्याच आवाजात, सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी होती. याचे डोळे चांगले होते. मी उलटं लिहिलं आणि याच्यावर ढकललं."

गरुडने चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"त्या जागेवर मी तीनदा जाऊन आलोय," तो म्हणाला. "पहिल्यांदा त्याच वर्षी. एकदा तर आडवा झालो, जमिनीला गाल लावून बघितलं, कुठं फुगवटा दिसतोय का. नव्हता. म्हटलं, असेल बुवा, सगळ्यांना कागदावर दिसतोय, मलाच काही दिसत नसेल. मग गोदामात बसून बसून तेच पटलं. पोराला सायकल शिकवतानाही मी बायकोला विचारायचो, समोरून कुणी येतंय का बघ."

ओळंब्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, म्हणजे लपवायचा प्रयत्न केला पण जमलं नाही. भाची मामाच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती.

शेवटी टोपीलाच राहवेना. तो पुढे होऊन हळूच म्हणाला, "काका, काढून टाकतो टेकाड. आत्ता काढतो."

"हात लावायचा नाही!" गरुड गरजला. "तीस वर्षं शोधतोय मी हे. आता सापडलं तर काढून टाकता?"

त्याने गाडी मागे घेतली. चांगली खिंडीपर्यंत मागे घेतली. मग पेडल तळाला टेकेपर्यंत दाबलं, आणि टेकाडावरून त्याची गाडी अशी उडाली की पुढचं वळणही हवेतच गेलं. वळणापलीकडे छपरावर आपटून चारी चाकं वर. गरुडला हसू आवरेना. "पुन्हा," तो म्हणाला. त्या दुपारी त्याने एकोणीस वेळा गाडी पाडली, आणि दर वेळी पडताना भाऊजींकडे बघितलं.

विसाव्या खेपेच्या आधी ओळंबा टोपीला म्हणाले, "हा ट्रॅक काल्पनिकच्या यादीत टाका."

"काका! तीन आठवडे भांडलात त्याच्यासाठी! मी खऱ्यांत टाकायला तयार झालोय ना!"

"टेकाड जमिनीचं नाही. माझ्या हातचं आहे," ओळंबा म्हणाले. "ज्वालामुखीच्या खाली टाका. चालेल."

लेकीने ट्रॅक यादीत टाकला. आता फक्त टेकाडाआधी रस्त्याच्या कडेला एक पाटी लावायची राहिली होती, गाड्या उडतात म्हणून इशारा. पाटीवर वेगाचा कुठला आकडा लिहू, असं तिने विचारलं.  तिने कळफलक बाबांच्या पुढे सरकवला.

ओळंब्यांनी तो उचलला आणि चार पावलं चालून मेहुण्याच्या मांडीवर ठेवला.

"मी बोलतो," ते म्हणाले. "तू लिही. त्रेसष्ट."

गरुड वाकला, चष्मा नाकावर खाली घेतला आणि एका बोटाने, पडद्यावरची नजर न काढता, आधी सहा दाबला, मग तीन.